पीटीच्या तासामागचं गणित: बी.पी.एड.च्या दोन वर्षांत नेमकं काय शिकवतात

गळ्यात शिट्टी, पायात बूट आणि पंधरा ऑगस्टची कवायत. 'पीटीचे सर' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एवढंच येतं. त्यामुळे पदवीनंतर घरातल्या कोणी बी.पी.एड.चा, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीचा, अर्ज भरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खेळायला दोन वर्षं कशाला लागतात? खेळता येणाऱ्यालाच तिथे प्रवेश मिळतो, हे खरं आहे. पुढची दोन वर्षं मात्र जातात ती ज्याला खेळता येत नाही, खेळायचंही नाही आणि तरी रांगेत उभा आहे, अशा साठ मुलांचं काय करायचं हे शिकण्यात.

आधी पदव्यांचा गोंधळ मिटवू, कारण चुकीच्या दारातून आत गेलेले बरेच असतात. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचं असेल तर बी.पी.एड. लागते. कुठल्याही शाखेची पदवी आणि खेळातल्या सहभागाचा पुरावा, असा ढोबळ निकष. ही पदवी पूर्वी एका वर्षाची होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनंतर ती दोन वर्षांची, चार सत्रांची झाली. त्यापुढे दोन वर्षांची एम.पी.एड. ही पदव्युत्तर पदवी. महाविद्यालयात क्रीडा संचालक व्हायचं तर एम.पी.एड.ला ५५ टक्के गुण लागतात, सहसा नेट किंवा सेट ही अध्यापक पात्रता परीक्षा लागते आणि शिवाय शारीरिक क्षमतेची चाचणीही द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १,८०० मीटर आणि महिला उमेदवाराला ८ मिनिटांत १,००० मीटर अंतर कापावं लागतं. नुसतं नेटचं पुस्तक पाठ करून भागत नाही, ते इथे.

प्रशिक्षक व्हायचं असेल तर रस्ता वेगळा आहे. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ साली सुरू झाली. तिथला एका खेळातला वर्षभराचा डिप्लोमा, ज्याला मैदानावर सगळे नुसतं 'एनआयएस' म्हणतात, तो प्रशिक्षकाचा दाखला. सहा आठवड्यांचं प्रमाणपत्रही मिळतं, पण तो तोंडओळखीचा वर्ग आहे. एनआयएस केलं म्हणून शाळेत शिक्षक होता येत नाही आणि बी.पी.एड. केली म्हणून कोणी आपोआप चांगला प्रशिक्षक होत नाही. शिक्षकाकडे वर्ग येतो, तो निवडता येत नाही. प्रशिक्षकाकडे निवडलेली बारा-पंधरा मुलं येतात आणि त्यांना ठरलेल्या तारखेला ठरलेली कामगिरी करायची असते. ही दोन कामं सारखी दिसतात एवढंच.

आपल्याकडे हे शिक्षण फार नवं नाही. मद्रासमध्ये हॅरी क्रो बक यांनी १९२० साली वायएमसीएचं महाविद्यालय सुरू केलं. त्याच्याही आधी, १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं होतं. कांदिवलीची सरकारी प्रशिक्षण संस्था १९३८ची. ग्वाल्हेरचं लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७चं, म्हणजे उठावाच्या शताब्दीच्या वर्षी झाशीच्या राणीच्या नावाने काढलेलं. तालमीतल्या वस्तादाला जे नजरेने कळायचं, ते मोजून, लिहून दुसऱ्याच्या हाती देण्याची ही खटपट आहे. वस्तादाची नजर पदवीने येत नाही, हे कबूल करायला हवं. पण वस्तादाकडे एका वेळी साठ मुलं आणि पस्तीस मिनिटं नसायची.

पस्तीस मिनिटांचा हिशेब

सरावपाठ हा या पदवीचा गाभा. विद्यार्थी-शिक्षक टाचण, म्हणजे तासाचा लेखी आराखडा, काढतो, ते मार्गदर्शकाकडून तपासून घेतो आणि आधी आपल्याच सहाध्यायांना व नंतर खऱ्या शाळेत जाऊन शिकवतो. आंतरवासितेच्या (इंटर्नशिपच्या) काळात तर शाळेतच मुक्काम. हे पाठ किती असावेत, ते विद्यापीठागणिक बदलतं. फसण्याच्या जागा मात्र सगळीकडे त्याच.

पहिली जागा म्हणजे टाचणातलं उद्दिष्ट. 'विद्यार्थ्यांना बास्केटबॉलची माहिती होईल' असं लिहिलं की मार्गदर्शक लाल रेघ मारतो. माहिती झाली की नाही, हे तास संपल्यावर कशावरून ठरवणार? 'वर्गातले निम्म्याहून अधिक विद्यार्थी दहापैकी सहा पास जोडीदाराच्या छातीच्या उंचीवर देतील' असं लिहिलं तर मोजता येतं, आणि मोजायचं ठरलं की तासाची रचनाही बदलते.

ती कशी, ते बघू. तास ३५ मिनिटांचा. वर्गातून मैदानावर येणं आणि हजेरी यात ५ मिनिटं गेली. अंग गरम करायला ५, प्रात्यक्षिक आणि सूचनांना ४. शेवटी शरीर सैल सोडायला ३ आणि पाणी पिऊन वर्गात परतायला ३. हाती उरली १५ मिनिटं. आता नवखा शिक्षक हमखास करतो ते असं: साठ मुलांच्या दोन रांगा, रांगेला एक चेंडू, एकेकाने ड्रिबल करत जायचं, चेंडू बास्केटकडे टाकायचा आणि परत यायचं. एका फेरीला १० सेकंद धरू. तीस जणांच्या रांगेत आपली पाळी ५ मिनिटांनी येते. १५ मिनिटांत तीन वेळा. म्हणजे पूर्ण तासात मुलाने खेळ केला ३० सेकंद, बाकी वेळ पुढच्याच्या पाठीवर टिचक्या मारल्या. रांगेत दंगा का होतो, याचं उत्तर शिस्तीत शोधायला जाऊ नये, ते या भागाकारात आहे.

शाळेत चारच चेंडू आहेत, म्हणून तरी असं करणं भाग आहे का? नाही. सहा-सहा जणांचे दहा गट करा. पाच प्रकारची कामं ठरवा आणि प्रत्येक कामाच्या दोन जागा मांडा. त्यातली दोन कामं चेंडूची, म्हणजे चार जागांना चार चेंडू पुरले. उरलेली तीन बिनचेंडूची: दोरीवरच्या उड्या, आखलेल्या चौकटीत आडवं सरकणं, भिंतीवरच्या खुणेला उडी मारून हात लावणं. दर तीन मिनिटांनी शिट्टी आणि गट पुढच्या जागी. चेंडूच्या एका जागेवर तीन मिनिटांत १८ फेऱ्या होतात, म्हणजे सहा जणांना तीन-तीन. अशा दोन जागा, तर चेंडू सहा वेळा हाती आला. रांगेच्या दुप्पट. शिवाय बाकीची नऊ मिनिटंही मूल हलतंच आहे. साहित्य तेच, मैदान तेच.

खो-खोलाही हाच न्याय. नऊ पाठलाग करणारे आणि आत पळणारे तीन, असा नियमातला सामना वर्गात लावला तर साठातले अठ्ठेचाळीस प्रेक्षक होतात. म्हणून मैदानात आडव्या चार-पाच छोट्या पट्ट्या पाडून, प्रत्येकीत पाचच जण बसवून, नुसतं 'खो देऊन उठणं आणि दिशा न बदलता पळणं' एवढंच एका तासात घ्यायचं. सामना नंतर.

प्रात्यक्षिक देताना उभं कुठे राहायचं, हेही शिकवावं लागतं. ऊन शिक्षकाच्या तोंडावर, मुलांची पाठ उन्हाकडे आणि शक्यतो रस्त्याकडेही. एरवी तुमचा सुंदर फेकीचा हात बघायला कोणी तयार नसतं, सगळे डोळे मिचकावत असतात किंवा बाहेरची मोटारसायकल बघतात. सूचना दोनच, फार तर तीन. आणि अवयवाबद्दल बोलण्यापेक्षा लक्ष्याबद्दल बोललेलं लवकर उतरतं. 'मनगट वाकव, कोपर आत घे' यापेक्षा 'चेंडू रिंगच्या वरून खाली पडू दे' हे मुलाला पटकन जमतं, कारण शरीर कसं हलवायचं, हे शरीरच शोधून काढतं.

फक्की, टेप आणि ६३ सेंटिमीटर

मैदान आखणी हा विषय सगळ्यांना हमालीचा वाटतो. निम्मी मुलं फक्कीची, म्हणजे रेषा आखायच्या पांढऱ्या भुकटीची, गाडी ढकलायला नाखूश असतात. पण शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात उपयोगी पडतं ते हेच, आणि चूकही सगळ्यात जास्त इथेच होते. ४०० मीटरचा प्रमाण ट्रॅक पाठ असतो: सरळ बाजू ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर, लेन १.२२ मीटरची. शाळेच्या आवारात तो कधीच मावत नाही. तिथे २०० मीटरचा ट्रॅक स्वतः काढावा लागतो.

सरळ बाजू ४० मीटर ठेवली असं धरा. दोन बाजूंचे ८० गेले, दोन वळणांसाठी १२० मीटर उरले. दोन अर्धवर्तुळं मिळून एक वर्तुळ, म्हणून १२० ला ६.२८३२ ने (पायच्या दुपटीने) भागा: १९.१० मीटर. ही धावण्याच्या काल्पनिक रेषेची त्रिज्या झाली. आखायची रेषा याच्या आत असते, कारण कोणी रेषेवरून धावत नाही, थोडं बाहेरून धावतं. किती बाहेरून? आतल्या कडेला उंच कठडा असेल तर ३० सेंटिमीटर धरतात, नुसती फक्कीची रेघ असेल तर २०. शाळेत कठडा नसतो. म्हणून दोरी धरायची १८.९० मीटरची.

पाठ्यपुस्तकातले ३० सेंटिमीटर इथे डोळे झाकून वापरले तर दोरी १८.८० ची होते आणि पहिल्या लेनचा धावपटू एका फेरीत ६३ सेंटिमीटर कमी धावतो. शंभर-दोनशेच्या शर्यतीत एवढ्यात क्रमांक बदलतो. स्टॅगरचंही, म्हणजे बाहेरच्या लेनच्या धावपटूला सुरुवातीला जितकं पुढे उभं करतात त्या अंतराचंही, तसंच. ४०० मीटरच्या कठड्याच्या ट्रॅकवर दुसऱ्या लेनचा धावपटू एका फेरीसाठी ७.०४ मीटर पुढे उभा राहतो, हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ. बिनकठड्याच्या मैदानावर पहिली आणि दुसरी लेन दोन्ही २० सेंटिमीटरवरून मोजल्या जातात, म्हणून फरक पूर्ण १.२२ चा पडतो आणि स्टॅगर ७.६७ मीटर येतो. लेनमधूनच दोन फेऱ्या धावायच्या असतील तर १५.३३. एका फेरीमागे परत फरक ६३ सेंटिमीटरचाच, कारण मूळ चूक तीच.

प्रत्यक्ष आखताना आधी मधला आयत पक्का करायचा: ४० बाय ३७.८० मीटर. कोपरे काटकोनात आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी ठरवू नये. दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ५५.०३ मीटर भरले तरच खुंट्या ठोका. मग ३७.८० च्या दोन्ही बाजूंचे मध्यबिंदू काढायचे, तिथे खुंटी, आणि तिथून अर्धवर्तुळ. नायलॉनची दोरी वापरू नका. ती ताणली की दहा-पंधरा सेंटिमीटर सहज देते आणि वळण अंड्यासारखं होतं. स्टीलची टेप किंवा तार घ्या. स्टॅगरची लांबी लेनच्या वळणावर, मोजणीच्या रेषेवरून मोजायची, सरळ टेप टाकून नाही. सहा लेन धरल्या तर एकूण जागा ९२.४४ बाय ५२.४४ मीटर लागते, आणि बाहेर पळून थांबायला मोकळी जागा वेगळी. हे आधी कागदावर केलं नाही तर पाचवी लेन नेमकी आंब्याच्या झाडातून जाते.

घड्याळाची गंमतही इथेच सांगून टाकू. शंभर मीटरच्या शेवटाला उभं राहून सुरुवातीचा आवाज ऐकून बटण दाबलं, तर आवाजाला तिथवर यायला जवळपास ०.३ सेकंद लागतात. मुलगा फुकटात तेवढा वेगवान ठरतो. म्हणून सुरुवातीच्या पिस्तुलाचा धूर दिसला किंवा इशाऱ्याच्या लाकडी फळ्या मिटताना दिसल्या की बटण. हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशावर नेतात: १२.३१ दिसलं तरी नोंद १२.४.

शरीरशास्त्र कशासाठी

शरीररचना, शरीरक्रिया, जैवयांत्रिकी, क्रीडा मानसशास्त्र, मापन आणि मूल्यमापन. या विषयांच्या नोटा झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, हे या शिक्षणाचं दुर्दैव आहे. स्नायूंची नावं पाठ करून पेपर सुटतो, पण मैदानावर प्रश्न नावांचा नसतो. धावताना मांडीचा मागचा स्नायू बहुतेकदा कधी खेचला जातो? पाय पुढे झेपावतो आणि जमिनीला टेकण्याच्या ऐन आधी. त्या क्षणी तो स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी पाय आवरून धरत असतो. हे कळलं की थंड अंगाने मुलांना थेट ५० मीटर पळवायचं धाडस कोणी करत नाही. चालणं, हळू धावणं, गुडघे वर, मग ६० टक्के वेगाच्या दोन-तीन धावा आणि नंतर पूर्ण वेग. धावण्याआधी एकेक स्नायू मिनिटभर ताणून धरण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, तेवढ्या ताणाने ताकद थोडी उतरते. ते शेवटी करावं.

चाचण्यांचंही असंच. कूपरच्या १२ मिनिटांच्या धावेत मुलगा २,४०० मीटर गेला, त्यातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागलं की ४२.४ येतात. म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला ४२.४ मिलिलिटर प्राणवायू, असा अंदाज. अंदाज, हा शब्द महत्त्वाचा. जूनच्या चिखलातली आणि डिसेंबरच्या थंडीतली धाव शेजारी ठेवून 'मुलाची क्षमता वाढली' असं लिहिणं म्हणजे हवामानाची प्रगती नोंदवणं.

वाढीचं वय हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत साधारण बाराव्या, मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण एकाच वर्गात दोन-तीन वर्षं मागेपुढे. त्या काळात उड्या मारणाऱ्या मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखू लागलं आणि तिथे टेंगूळ आलं, तर ते नाटक नसतं. नडगीच्या हाडाच्या वाढत्या भागावर कंडरा ओढ देते, म्हणून ते दुखतं. उड्या कमी करायच्या आणि डॉक्टरला दाखवायचं. 'खेळून खेळून मोकळं होईल' हा सल्ला इथे उलटतो.

निवडीतही याचा फटका बसतो. वयोगटाची तारीख १ जानेवारी धरली, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा, पण गट एकच. चौदा वर्षांखालील संघात उंचेपुरे दिसतात ते बऱ्याचदा नुसते आधी जन्मलेले किंवा लवकर वाढलेले असतात. संघ निवडताना जन्ममहिना बाजूला लिहून ठेवणं, एवढी साधी सवयही पुष्कळ चुका वाचवते.

आठवड्याचं ओझं

प्रशिक्षणशास्त्रात शिकवतात ते थोडक्यात असं: ताण द्यायचा, विश्रांती द्यायची आणि विश्रांतीत शरीर आधीपेक्षा थोडं वर येतं तेव्हा पुढचा ताण द्यायचा. ८०० मीटर धावणाऱ्या शाळकरी मुलीसाठी आठवड्याचं अंतर १६, १८, २० आणि चौथ्या आठवड्यात उतरून १४ किलोमीटर, असा चार आठवड्यांचा फेरा वाजवी आहे. अंतराबरोबर श्रमही मोजायचे. सराव संपल्यावर तिलाच विचारा, शून्य ते दहात किती दमलीस? सहा म्हणाली आणि सराव ६० मिनिटांचा होता, तर ओझं ३६०. आठवड्याची बेरीज वहीत ठेवली की अचानक मारलेली उडी लगेच दिसते.

महाराष्ट्रात अडचण वेळापत्रकाची. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात थोडी उशिरा, आणि तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात. हाती सहा-आठ आठवडे, त्यातलं अर्धं मैदान पाण्याखाली. मग स्पर्धेचं पत्र आलं की शेवटच्या पंधरवड्यात सकाळ-संध्याकाळ झोडपायचं, हा सर्रास प्रकार. मुलं दमून स्पर्धेला उतरतात. शेवटच्या आठ-दहा दिवसांत अंतर कमी करायचं आणि वेग तसाच ठेवायचा. उन्हाळी सुटीत मुलांना आठवड्यातून तीन दिवस घरच्या घरी करायचं काम लिहून दिलं, तर जूनमध्ये शून्यापासून सुरुवात होत नाही.

ऊन आणि कायदा, या दोन बाबतींत चुकून चालत नाही. मैदानावर मूल तापलं, बरळायला लागलं, तोल गेला, तर आधी अंगावर भरपूर गार पाणी, ओले पंचे, वारा. गाडी बोलवायची, पण ती येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही. श्वास थांबला असेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. हे पुतळ्यावर हाताने केलेलं असावं, वाचलेलं नाही. आणि मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'संस्थेचं नाव जाईल' हे कारण कायद्याला चालत नाही. एकट्या मुलीला घेऊन स्पर्धेला जाणं, बंद खोलीत मालिश, रात्रीचे खासगी मेसेज, या गोष्टी पहिल्या सत्रातच स्पष्ट नाकारायला शिकवायला हव्यात.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालय बघायला जायचं असेल तर दुपारी कार्यालयात जाऊ नका. सकाळी साडेसहाला मैदानावर जा. किती विद्यार्थी आहेत, शिक्षक स्वतः आले आहेत का, फक्की ताजी आहे की मागच्या वर्षीची, ते बघा. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्याला टाचणवही मागा. त्यात लाल शेरे असतील, पाठ खोडून पुन्हा लिहिलेले असतील तर चांगलं लक्षण. सराव कुठल्या शाळेत चालतो, तेही विचारा आणि जमलं तर त्या शाळेत जाऊन बघा, तिथे पीटीचा तास होतो की गणिताला दिला जातो.